किल्ली मिळाल्यानंतरची सोबत : ‘होम अगेन’ सेवेचं परीक्षण

बेघर माणसाला छप्पर मिळालं की काम संपलं, असं धरून चालणाऱ्या योजना आपल्याकडे पुष्कळ आहेत. ‘होम अगेन’चं खरं काम छप्पर मिळाल्यावर सुरू होतं, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहायचं ठरवलं. ही चेन्नईच्या ‘द बॅनियन’ संस्थेची सेवा. १९९३ साली वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोघींनी रस्त्यावर भटकणाऱ्या, मानसिक आजार झालेल्या बायकांसाठी ही संस्था काढली. उपचार झाले, बाई सावरली, गाव आठवलं आणि घरच्यांनी आत घेतलं तर तिला पोहोचवून यायचं, असा क्रम. पण कित्येकींना गाव आठवत नाही, किंवा गाव सापडतं आणि दार उघडत नाही. अशा बायका बऱ्या होऊनही संस्थेतच राहतात आणि तिथंच म्हाताऱ्या होतात. त्यांच्यासाठी २०१५ साली ‘होम अगेन’ सुरू झाली. पुढं ती केरळ, आसाम आणि आपल्या रत्नागिरीपर्यंत पोहोचली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली समाजात राहून मानसिक आरोग्याची काळजी घेणाऱ्या चांगल्या सेवांची उदाहरणं दिली, त्यांत तिचा समावेश आहे.

आमचं मत आधीच सांगतो. वर्षानुवर्षं वॉर्डात राहिलेल्या माणसाला पुन्हा वस्तीत आणण्याची इतकी नीट बसवलेली दुसरी सेवा देशात क्वचितच सापडेल. तिचं बळ घरात आहे त्यापेक्षा सोबतीत जास्त आहे. आणि कुणी तिची नक्कल करायला गेलं की सगळ्यात आधी ढासळते तीही सोबतच.

ही सेवा लागते कुणाला? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांत एक वर्ष किंवा त्याहून जास्त काळ राहिलेली ४,९३५ माणसं मोजली गेली. तिथल्या एकूण रहिवाशांपैकी सुमारे ३६ टक्के. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, म्हणजे हा प्रश्न आपल्या दारातलाच आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि मे २०१८पासून लागू झाला. त्याचं कलम १९ सांगतं, की घरचे नाहीत, घर नाही किंवा बाहेर सोय नाही एवढ्या कारणावरून कुणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही. कायद्यानं दार उघडलं खरं, पण बाहेर पाऊल टाकायला जागा लागते. ती जागा कशी असावी, याचं ‘होम अगेन’ हे एक तपशीलवार उत्तर आहे.

रचना साधी आहे. साध्या वस्तीतलं भाड्याचं घर, त्यात चार ते पाच जणी. दारावर पाटी नाही, पहारेकरी नाही. कोण कुणाबरोबर राहणार हे संस्था ठरवत नाही, बायकांच्या मैत्रीवरून ठरतं. वॉर्डात जेवताना कोण कुणाची वाट बघतं, कोण कुणाची वेणी घालतं, कुणाचं कुणाशी मुळीच पटत नाही, हे पाहून आणि विचारून गट जमतात. गट जमला की मग घर बघायचं. पुष्कळ ठिकाणी उलटं होतं. आधी घर भाड्यानं घेतलं जातं आणि मग पाच पलंगांसाठी पाच नावं शोधली जातात. तसं घर काही महिन्यांत छोटा वॉर्ड होऊन बसतं.

घरात किंवा हाकेच्या अंतरावर मदतनीस बाई असते. किती वेळ असायचं हे गरजेवर ठरतं. कुठं रात्रंदिवस, कुठं नुसती अधूनमधून फेरी. या मदतनीस मानसशास्त्र शिकलेल्या नसतात. बऱ्याचशा त्याच भागातल्या असतात, आणि काही जणी स्वतः आजार आणि बेघरपण सोसून पुढं आलेल्या असतात. या दुसऱ्या प्रकारच्या मदतनीसांना आम्ही इथं सोबतिणी म्हणतो. त्यांच्यावर केस बघणारी कार्यकर्ती, आणि तिच्या मागं डॉक्टर.

सोबतीण नेमकं काय करते, हे दोन उदाहरणांतून नीट कळेल. पहिलं पैशाचं. नोव्हेंबर २०१६च्या आधी रुग्णालयात दाखल झालेल्या बाईच्या डोक्यात पाचशेची आणि हजाराची नोट जुनीच असते. नवी पाचशेची नोट हातात ठेवली तर ती खोटी वाटते, वीस रुपयांचं नाणं तिनं पाहिलेलंही नसतं. भाजीवाल्याच्या गाडीवर चौकटीचं चित्र लावलंय आणि लोक त्याच्यासमोर फोन धरून भाजी घेऊन चाललेत, हे बघून ती गोंधळते. शिकलेली कार्यकर्ती इथं समजावून सांगायला लागते. सोबतीण वेगळं करते. ती आधी स्वतः नोट काढते, भाजी घेते, सुटे मोजून घेते आणि पिशवी बाईच्या हातात देते. दुसऱ्या दिवशी नोट बाईकडे, पिशवी सोबतिणीकडे. चौथ्या-पाचव्या दिवशी सोबतीण चार पावलं मागं थांबते. ही पावलं किती आणि कधी टाकायची, हे जिनं स्वतः तो गोंधळ अनुभवलाय तिला बरोबर समजतं.

दुसरं चहाचं. संस्थेत चहा ठरलेल्या वेळी येतो, दूध-साखर घालूनच येतो. घरी आलेली बाई पहिले कितीतरी दिवस सकाळी उठून बसून राहते, कारण चहा ‘येतो’ अशीच सवय झालेली असते. इथं चहा करून देणं ही चूक. सोबतीण ओट्यापाशी जाऊन पातेलं खाली काढते आणि विचारते, “आलं घालायचं की गवती चहा?” बाई उत्तर देत नाही. हरकत नाही, उद्या पुन्हा विचारायचं. वीस-वीस वर्षं कुणी ‘तुला काय हवं’ हे विचारलेलं नसतं. त्या प्रश्नाला उत्तर देणं ही सुद्धा मोडलेली सवय आहे, आणि ती पुन्हा लागायला आठवडे जातात. दोघींची घाई नसणं हाच इथला उपचार आहे.

नुसतं घर दिल्यानं माणूस वस्तीत मिसळत नाही, हे परदेशातही दिसलेलं आहे. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस यांनी ‘आधी घर’ ही पद्धत सुरू केली. व्यसन सोड, औषध घे, मग घर, अशी अट काढून टाकून आधी थेट घर द्यायचं. कॅनडानं २००९पासून पाच शहरांत दोन हजारांहून जास्त माणसांवर ती आजमावली. माणसं घरात टिकली, हा फायदा ठसठशीत दिसला. शेजाराशी जोडलं जाणं मात्र तेवढं ठळक सुधारलं नाही. घर होतं, पण घरी येणारं-जाणारं कुणी नव्हतं. इंग्लंडच्या ‘की-रिंग’ची रचना या बाबतीत शिकण्यासारखी आहे. चालत जाण्याच्या अंतरात आपापल्या घरांत राहणारी साधारण दहा माणसं आणि त्यांच्यातच राहणारा एक स्वयंसेवक, ज्याला राहायला जागा मोफत. लंडनच्या ‘ग्राउंडस्वेल’नं २०१०पासून आणखी एक नेमकं काम उचललं. पूर्वी बेघर राहिलेला माणूस आज बेघर असलेल्याला दवाखान्यात घेऊन जातो, वेळ ठरवण्यापासून डॉक्टरांसमोर शेजारी बसण्यापर्यंत. ‘होम अगेन’मध्ये या सगळ्याचे अंश आहेत, पण तिचा आपल्याला जवळचा वाटणारा भाग म्हणजे एकत्र राहणं. एकट्या बाईनं एकटं घर घेणं आपल्या गावांत सोपं नाही. चौघी मिळून राहिल्या तर शेजारी त्यांना लवकर ‘घर’ म्हणून बघतात.

रोजच्या कारभारात अडतं ते कागदांपाशी. पहिला कागद भाड्याचा करार. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करार नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार फक्त संस्थेच्या नावानं केला तर बायकांना पत्त्याचा पुरावा म्हणून त्याचा काडीचा उपयोग होत नाही. करारात राहणाऱ्यांची नावं यायला हवीत. तशी असली तर आधारवरचा पत्ता बदलता येतो, आणि पत्ता बदलला की बँक, शिधापत्रिका, मतदार यादी एकामागून एक लागतात. घरमालक एक नाव लिहायला तयार असतो, पाचांना नाही म्हणतो. तिथं ताणून धरावं, दुसरं घर बघावं लागलं तरी चालेल. ज्या बाईकडे एकही कागद नाही तिच्या आधारसाठी मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. ते घर बदलण्याआधी, ती संस्थेत असतानाच करून घ्यायचं. घरात आल्यावर ते देणारा अधिकारी राहत नाही आणि काम वर्षभर लटकतं.

बँकेत अधिकृत कागद नसताना छोटं खातं उघडता येतं. शिल्लक ५० हजारांपर्यंत, महिन्याला १० हजारांपर्यंत पैसे काढता येतात, वर्षभरात एकूण १ लाखापर्यंत जमा होऊ शकतात. सुरुवातीला एवढं पुरतं. काउंटरवर मात्र ‘गार्डियन कोण?’ असा प्रश्न हमखास येतो. मानसिक आजार आहे म्हणून आपोआप पालक लागत नाही, हे शांतपणे सांगता यावं लागतं. सोबतिणीनं हे वाक्य आधी बाईकडून दोनचारदा म्हणून घ्यावं आणि काउंटरवर बाईलाच बोलू द्यावं. संजय गांधी निराधार अनुदानासाठी महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहत असल्याचा दाखला मागतात. रस्त्यावरून आलेल्या, मूळच्या परराज्यातल्या बाईचं इथंच अडतं. रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदीचा उतारा हा तिच्या वास्तव्याचा एकमेव लेखी धागा असतो. तो साक्षांकित करून फाइलला लावायला विसरू नये.

गॅसचं असंच. १४.२ किलोच्या सिलिंडरची जोडणी पत्त्याच्या पुराव्याशिवाय सहसा मिळत नाही, तोवर पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. पाच जणींचा स्वयंपाक त्यावर फार दिवस चालत नाही, पण ‘गॅस नाही म्हणून डबा लावू’ असा निर्णय होऊ देऊ नये. डबा लागला की ओटा ओस पडतो आणि घराचा निम्मा अर्थ जातो.

औषधांबद्दल थोडं ठाम लिहितो. औषधाची पेटी बाईच्या ताब्यात असावी. सुरुवातीला आठवड्याच्या खणांची डबी, सोबतीण रविवारी शेजारी बसून भरून घेते. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध चालू असलेल्या बाईची पांढऱ्या पेशींची तपासणी सुरुवातीचे अठरा आठवडे दर आठवड्याला लागते, मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं लिथियम घेणारीची रक्तातली पातळी ठरावीक अंतरानं बघावी लागते. रुग्णालयात हे आपोआप होत असतं. घरात आल्यावर ते कुणाचं काम, हे लिहून ठेवलेलं नसेल तर ते कुणाचंच राहत नाही. जिल्हा रुग्णालयात औषधं फुकट मिळतात, पण साठा कधी कधी संपतो. म्हणून पंधरा दिवसांची शिल्लक कायम हवी. रात्री-अपरात्री अस्वस्थ वाटलं तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. हा क्रमांक फ्रिजवर चिकटवलेला असावा आणि तो बाईनं स्वतः एकदा लावून पाहिलेला असावा.

आता सोबतीण ठेवण्यात काय बिघडतं ते. सगळ्यात जास्त चुका इथंच होतात.

वॉर्डात काही जुन्या रुग्ण बायका कर्मचाऱ्यांच्या हाताखाली काम करतात, जेवण वाढतात, इतरांना रांगेत लावतात. हुशार दिसतात म्हणून त्यांनाच सोबतीण नेमलं जातं. घरात आल्यावर ती जुनी सत्ता तशीच चालू राहते. बाकीच्या बायका तिला विचारल्याशिवाय पाणीही पीत नाहीत. एकाच वॉर्डातून आलेल्या दोघींना सोबतीण आणि रहिवासी असं एकाच घरात ठेवू नये, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ टळतं.

दुसरी चूक पगाराची. ‘तीही त्यातूनच गेलीय, तिला आनंदच आहे’ असं म्हणून तिला मानधनावर ठेवलं जातं. तेच काम करणाऱ्या दुसऱ्या मदतनीसाला पगार, रजा, भविष्य निर्वाह निधी, आणि हिला प्रवासखर्च. तिचा अनुभव ही तिची पात्रता असेल तर त्याला पगारही पात्रतेचाच हवा. आजारपणाची रजा मागताना तिला ‘पुन्हा बिघडली वाटतं’ असं ऐकावं लागू नये. तिच्या जागी दोन दिवस कोण येणार हे महिन्याच्या सुरुवातीलाच ठरलेलं असावं.

तिसरी चूक उसनवारीची. रहिवासी सोबतिणीकडे शंभर रुपये मागते, सोबतीण देते, महिनाअखेर दोघींचं बोलणं बंद. घरखर्चाच्या डब्यात पाचशे रुपये वेगळे ठेवून, वहीत लिहून उचल घ्यायची पद्धत लावली की हा प्रश्न बराच कमी होतो. आणि चौथी, जी आम्हाला सगळ्यात जास्त बोचते. पाहुणे, देणगीदार, वार्ताहर आले की सोबतिणीला उभं करून तिची कहाणी सांगायला लावायची. कहाणी तिची आहे. कुणाला, किती, केव्हा सांगायची हे तीच ठरवेल, आणि नाही म्हटलं म्हणून तिच्या कामावर परिणाम होणार नाही, हे नेमणूकपत्रातच लिहावं.

शेजाराचं काम ‘होम अगेन’च्या रचनेत मोलाचं धरलंय आणि ते योग्यच आहे. पण ते भाषणानं होत नाही. नव्या वस्तीत जागृतीचा कार्यक्रम घेऊन ‘इथं बऱ्या झालेल्या मनोरुग्ण बायका राहणार आहेत’ असं जाहीर करणं, हा घर बदनाम करायचा सर्वांत सोपा मार्ग आहे. आधी साध्या कामांनी ओळख व्हावी. पाण्याच्या वेळी नळावर, गणपतीची वर्गणी पावतीसह, संक्रांतीला हळदीकुंकवाला जाणं आणि पुढच्या वर्षी आपल्याकडे बोलावणं. विधवा किंवा नवऱ्यानं टाकलेल्या बाईला हळदीकुंकवात कोपऱ्यात बसवतात, तेव्हा सोबतिणीनं आधी बोलून ठेवलेलं बरं. काही वस्त्यांत तिळगूळ सगळ्यांना सारखाच देतात, तिथून सुरुवात करावी.

बचत गटाबद्दल आमचं मत वेगळं आहे. मानसिक आजार कायद्यानं अपंगत्वात धरला जातो, आणि अपंग व्यक्तींचा गट केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानात पाच जणींचाही चालत असे, त्यामुळं एका घरातल्या पाच जणींचाच गट करायचा मोह होतो. कागदावर तो देखणा दिसतो. पण त्यानं घर पुन्हा बंदिस्त होतं. गल्लीतल्या चालू गटात एकीनं जरी जागा मिळवली, दर महिन्याला शंभर रुपये घेऊन ती दुसऱ्याच्या ओसरीवर बसली, तरी घरातल्या पाच जणींच्या गटापेक्षा ते जास्त मोलाचं.

एक गोष्ट घरमालकांसाठी. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते. ती द्याच, पण चौकशीला शिपाई येणार असेल तर बायकांना दिवस सांगून ठेवा. रस्त्यावर असताना खाकी कपडे म्हणजे गाडीत घालून नेणारे, एवढीच त्यांची ओळख असते. न सांगता दारात शिपाई उभा राहिला आणि बाई मागच्या दारानं निघून गेली, तर तिला पुन्हा शोधायला दिवस लागतात.

ही सेवा सगळ्यांसाठी नाही. आजाराचा तीव्र झटका असलेल्या बाईला आधी उपचार लागतात. ज्यांना घरचे न्यायला तयार आहेत आणि जायची इच्छाही आहे, त्यांनी घरी जावं. कर्जतच्या ‘श्रद्धा’ संस्थेनं, म्हणजे डॉ. भरत वाटवानी यांनी, हेच काम वर्षानुवर्षं केलं आणि त्याबद्दल त्यांना २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दोन्ही वाटा एकमेकींच्या आड येत नाहीत. आणि ज्याला एकटं राहायचंय, चौघांत गुदमरायला होतं, त्याच्यासाठी एका खोलीची सोय याच पद्धतीत, त्याच सोबतिणीच्या फेरीत बसवता यायला हवी. आपल्याकडे ती अजून कमी आहे.

कुणी संस्था किंवा रुग्णालय आपल्या भागात हे करू पाहत असेल, तर त्यांना एक प्रश्न करारावर सही होण्याआधी विचारावा : एखाद्या बाईला महिन्याभरानं हे घर, ही माणसं नकोशी झाली, तर तिच्यासाठी दुसरं घर आहे का? ‘परत वॉर्डात’ हे उत्तर असेल तर थांबावं. निदान दोन घरं चालत जाण्याच्या अंतरात, आणि दोन्हींत मिळून एक पलंग कायम रिकामा, एवढी तयारी झाल्यावरच अनामत भरावी. एकदा ती भरली की पाचही जागा भरायची घाई सुरू होते.